वाचलेला वेळ कुणाचा?

पत्र

मी एका कंपनीच्या तक्रार निवारण विभागाची टीम लीडर आहे. हाताखाली १४ माणसं. ग्राहकांच्या लेखी तक्रारी वाचायच्या, नोंदी तपासायच्या आणि उत्तर द्यायचं, हे आमचं काम. दोन महिन्यांपूर्वी वरून निर्णय आला की उत्तरांचे मसुदे यापुढे एआय टूल तयार करेल आणि आम्ही ते तपासून पाठवायचे. तिमाही संपायच्या आत सगळं सुरू व्हायला हवं. त्याच मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, ‘टूल आल्यावर किती जणांत भागेल?’ आणि बजावलं गेलं की टीमला एवढ्यात काही सांगू नका, उगाच घबराट होईल.

पण टीमला कुणकुण लागलीच आहे. सगळ्यात अनुभवी बाई १९ वर्षं याच कामात आहेत. गुंतागुंतीची तक्रार आली की सगळे त्यांच्याकडे धावतात. टूलला शिकवण्यासाठी मी त्यांच्या वहीतल्या नोंदी मागितल्या, तर म्हणाल्या, ‘वही घरी राहिली.’ तीन आठवडे झाले, वही घरीच आहे. दुसरीकडे, एक नवा मुलगा गुपचूप मोबाइलवरच्या चॅटबॉटकडून उत्तरं लिहून घेतो, हे मला परवा कळलं. तेही एका ग्राहकाला अस्तित्वातच नसलेला नियम सांगितला गेला म्हणून.

नेतृत्वाच्या प्रशिक्षणात ‘माणूस केंद्रस्थानी ठेवा’ असं शिकवलं होतं. मी रोज माणसांशी गोड बोलते आणि रोज त्यांच्यापासून काहीतरी लपवते. बाईंना कसं समजावू? मुलावर कारवाई करू का? आणि माझी स्वतःची नोकरी राहील का, या विचाराने झोप लागत नाही, हे कुणाला सांगू?

– एक टीम लीडर

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वहीपाशी अडकले. तुम्हाला ती अडवणूक वाटते का, हे पत्रावरून नीट कळत नाही. मला मात्र तो तुमच्या ऑफिसातला सगळ्यात सरळ प्रश्न वाटतो. बाई तोंडाने विचारत नाहीत, वहीने विचारतात: माझं १९ वर्षांचं शहाणपण या यंत्रात ओतलं आणि त्याने सगळ्यांचा वेळ वाचला, तर तो वाचलेला वेळ कुणाचा?

तो कंपनीचा असेल आणि त्याचा हिशेब खुर्च्या कमी करून होणार असेल, तर वही घरी ठेवणं हा अगदी समंजस निर्णय आहे. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. म्हणून ‘बाईंना कसं समजावू’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवते. त्यांना समजलेलं आहे. ज्यांना समजवायला हवं ते तुमच्या वर बसतात, आणि सुरुवात तिथून करायची आहे.

पण आधी त्या गप्प राहण्याबद्दल. मी एकेकाळी तुमच्याच जागी होते. विभाग बिलांचा, माणसं नऊ, आणि टूल म्हणजे एक साधं सॉफ्टवेअर. मलाही ‘एवढ्यात काही सांगू नका’ असंच सांगितलं गेलं आणि मी पाच आठवडे काही बोलले नाही. सहाव्या आठवड्यात कुणीतरी नव्या बैठकव्यवस्थेचा आराखडा प्रिंटरवर विसरलं. त्यात सहा खुर्च्या होत्या. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. तो कागद माझ्या टेबलावर उलटा ठेवून गेले, एवढंच. त्यानंतर दोन वर्षं मी जे खरं सांगत होते त्यावरही माना डोलत राहिल्या आणि विश्वास कुणी ठेवला नाही. घबराट टाळण्यासाठी गप्प बसायला सांगतात, पण गप्प बसल्याने घबराट टळत नाही. ती तुमच्या डोळ्यांआड होते, आणि मग तिच्यावर काही करणंही तुमच्या हाती राहत नाही.

आता ‘किती जणांत भागेल?’ या प्रश्नाकडे येऊ. त्याला आकडा देऊ नका. टाळायचं म्हणून हे सांगत नाही. असा आकडा आज प्रामाणिकपणे कुणालाच देता येणार नाही. मेटर नावाच्या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि त्यांच्या रोजच्या प्रकल्पांतली २४६ कामं. कोणतं काम एआय वापरून करायचं आणि कोणतं न वापरता, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. शेवटी डेव्हलपर म्हणाले, एआयमुळे आमचा सुमारे २० टक्के वेळ वाचला. मोजमाप केल्यावर दिसलं की वेळ १९ टक्के जास्त लागला होता. हा निकाल प्रत्येक कामाला लागू पडेल असं नाही, आणि पुढे मी उलट दिशेचा अभ्यासही सांगणार आहे. पण जे लोक स्वतः ते काम करत होते त्यांचा अंदाज एवढा चुकला असेल, तर मीटिंगमध्ये बसून सांगितलेल्या आकड्यावर कुणाची नोकरी का टांगायची?

त्याऐवजी वर एक पत्र द्या. एका पानाचं, लेखी. त्यात म्हणा की तीन महिने आम्ही मोजतो: मसुदा तपासायला किती मिनिटं जातात, किती उत्तरांवर ग्राहकाचं पुन्हा पत्र येतं, किती तक्रारी बंद होऊन परत उघडतात. तोपर्यंत, आणि त्यानंतरचं वर्षभर, या टूलमुळे कुणाला काढलं जाणार नाही एवढं लेखी द्या. आणि वेळ खरंच वाचला तर तो कुठे जाईल, तेही आताच ठरवून टाका. हे शेवटचं वाक्य त्या पत्राचा जीव आहे. तक्रार विभागात काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तीच तक्रार पन्नास वेळा येते, पन्नास वेळा तिला नम्र उत्तर जातं, आणि ती मुळात येते का हे बघायला कुणाला फुरसत नसते. वाचलेला वेळ तिथे घाला. आठवड्यातून एक दिवस टीमने फक्त मुळं शोधायची. एखादी तक्रार कायमची बंद झाली तर कंपनीचे किती पैसे वाचतात, याचा हिशेब पत्रात जोडा, म्हणजे तुमचं म्हणणं ‘भावनिक’ म्हणून बाजूला सारता येणार नाही.

हमी मिळाली नाही तर? नाही मिळणार, अशी शक्यता बरीच आहे. मग निदान टीमला सांगण्याची परवानगी मागा, आणि गोपनीय काय व मोकळं काय याची सीमा आखून घ्या. गोपनीय ठरेल ते सांगू नका. पण त्याबद्दल खोटंही बोलू नका. कुणी विचारलं, ‘माणसं कमी होणार का?’ तर ‘छे, तसं काही नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही जाऊ देऊ नका. ‘याचं उत्तर मी आज देऊ शकत नाही, आणि कुणालाही काढलं जाऊ नये म्हणून मी लेखी मागणी केली आहे,’ हे वाक्य कडू आहे, पण वर्षभरानंतरही ते तुमच्या अंगावर येणार नाही.

उलट बाजूनेही सांभाळा. ‘कुणाचीही नोकरी जाणार नाही, मी आहे ना,’ असा धीर देण्याचा मोह होईल. देऊ नका. भविष्य सांगणं या क्षेत्रात भल्याभल्यांना जमलेलं नाही. पुढे २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले एआय-शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की आता नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं थांबवावं, कारण पाचेक वर्षांत यंत्रं त्यांच्यापेक्षा सरस होतील. ती पाच वर्षं कधीच उलटली आणि रेडिओलॉजिस्ट आजही हवेच आहेत. ज्यांनी हे तंत्रज्ञान उभं केलं त्यांचा अंदाज असा चुकतो, तर तुम्ही तुमच्या शब्दाने १४ जणांचं भविष्य बांधू नका.

आता बाई. त्यांच्याशी बोलण्याआधी एक अभ्यास तुमच्या डोक्यात असावा, कारण तो जवळजवळ तुमच्याच विभागाबद्दल आहे. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये ग्राहकसेवेतल्या ५,१७९ कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. ग्राहकाशी चॅटवर बोलत असताना एआय त्यांना उत्तरं सुचवत होतं. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्या आणि कच्च्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती, आणि मुरलेल्या माणसांच्या कामात जेमतेम फरक पडला. याचं कारण संशोधकांनी असं लावलं की टूल शिकलं होतं ते चांगल्या कर्मचाऱ्यांच्या संभाषणांवरूनच. त्यांची हातोटी यंत्रातून नवख्यांपर्यंत पोहोचली.

म्हणजे बघा, ज्यांच्याकडून घेतलं त्यांना सगळ्यात कमी मिळालं. अशा माणसांना त्यांच्या या योगदानाचा मोबदला कसा द्यायचा, हा प्रश्न त्या संशोधकांनीही उपस्थित केला. तुमच्या बाईंनी तो अभ्यास वाचलेला नसेल, पण त्यांना तो कळलेला आहे.

तेव्हा त्यांना केबिनमध्ये बोलावू नका. त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसा आणि वहीचा विषय काढू नका. एवढंच विचारा, ‘कुठल्या तक्रारी या टूलकडे अजिबात जाऊ द्यायच्या नाहीत?’ त्यांच्याकडे याची यादी तयार असेल, तुम्ही विचारायचाच अवकाश. घरात मृत्यू झाल्यावर आलेलं पत्र. तिसऱ्यांदा लिहिणारा माणूस, ज्याची भाषा आता अचानक थंड झाली आहे. वरवर पैशांची तक्रार, पण ओळींमधून दिसणारी हतबलता. ही यादी हाच तुमच्या टूलचा पहिला नियम करा, आणि तो नियम बाईंच्या नावाने लावा.

मग त्यांना काय देता येईल ते ठरवा, आणि जे द्याल ते लेखी द्या. मसुदे तपासून टूल कुठे चुकतं हे ठरवण्याचं काम त्यांच्याकडे द्या. त्यासाठी ऑफिसच्या वेळेतले तास राखून ठेवा, आणि तेवढं रोजचं टार्गेट कमी करा. अप्रेझलमध्ये हे काम मोजलं जाईल याची सोय करा. जमलं तर पगारात वेगळी वाढ मागा. तुम्हाला संकोच वाटेल, तरी मागाच. शाबासकीचा ईमेल आणि टाळ्या यांनी ही परतफेड होत नाही. आणि वहीतलं काय द्यायचं, काय ठेवायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. एवढं करूनही त्या नाही म्हणाल्या, तर तो नकार मान्य करा आणि टूल त्यांच्या वहीशिवाय चालवा.

आणखी एका गोष्टीने माझ्या मनात घर केलं: सगळे त्यांच्याकडे धावतात. टूल आल्यावर ते धावणं थांबेल. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत असंच घडलं होतं. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये ते लिहून ठेवलं. बॅमफोर्थ स्वतः पूर्वी खाणीत काम केलेले. जुन्या पद्धतीत छोट्या टोळ्या सगळं काम मिळून करायच्या, एकमेकांना सांभाळायच्या. नवी यंत्रं आली, कामाचे तुकडे झाले, प्रत्येक पाळीला एकच तुकडा. यंत्रं चांगली होती. तरी अपेक्षेएवढं उत्पादन निघेना, माणसं खाडे करू लागली, एकमेकांवर दोष ढकलू लागली. यंत्रं बसवताना त्या टोळ्या मोडल्या होत्या, आणि त्या मोडल्याचं नुकसान हिशेबात कुणी धरलंच नव्हतं. तुमच्या विभागातली टोळी म्हणजे बाईंच्या टेबलाभोवतीची गर्दी. ती आपोआप राहणार नाही, मुद्दाम राखावी लागेल. रोज अर्धा तास, दोन अवघड तक्रारी, सगळे एकत्र, टूल बंद. नव्या मुलाने आधी स्वतः उत्तर लिहायचं, मग टूलचं बघायचं, मग बाईंचं ऐकायचं.

हे मी जुन्या आठवणींच्या ओढीने सांगत नाही. पोलंडमधल्या चार केंद्रांतला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत डॉक्टरांना एआयची मदत मिळू लागली. त्यानंतर ज्या तपासण्या एआयशिवाय झाल्या, त्यांत पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणाऱ्या गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. एका अभ्यासावरून कायमचा निष्कर्ष काढू नये, हे खरंच. पण काही महिन्यांत मुरलेल्या डॉक्टरांची नजर अशी ढिली पडू शकत असेल, तर मसुदे तपासणाऱ्या तुमच्या माणसांची काळजी आजपासून घ्यायला हवी. तपासायला बसवलेल्या माणसाला स्वतः लिहिता येत नसेल, तर तो फक्त बटण दाबतो.

आता तो मुलगा. आधी ग्राहक: चुकीचा नियम ज्यांना गेला त्यांना आजच दुरुस्तीचं पत्र पाठवा, विभागाच्या नावाने, ‘चूक आमची’ असं म्हणून. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीचा चुकीचा नियम सांगितला होता. चॅटबॉट स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा धाटणीचा बचाव कंपनीने करून पाहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या लवादाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तुमच्याकडेही कंपनीच्या नावाने गेलेलं वाक्य कंपनीचंच आहे, ते कुणी लिहिलं हा ग्राहकाचा प्रश्न नाही.

कारवाई करू नका. त्याला विचारा, लपवावंसं का वाटलं? माझा अंदाज सांगते: टार्गेट गाठायचं होतं, विचारायची भीती होती, आणि एआयबद्दल तुमच्या ऑफिसात कुणी मोठ्याने बोलतच नव्हतं. ज्या विषयावर साहेब कुजबुजतात, त्या विषयावर पोरं चोरूनच वागणार. फक्त एका बाबतीत कडक राहा. ग्राहकाचं नाव, पत्ता, खात्याचा तपशील बाहेरच्या चॅटबॉटमध्ये टाकला गेला असेल, तर ते किरकोळ नाही. ते कुणालाही दोष न देता, पण लगेच आणि लेखी, तुमच्या माहिती-सुरक्षेच्या लोकांना कळवा. मग सगळ्या टीमला दोन आठवडे द्या: कोण काय वापरतं ते मोकळेपणाने सांगायचं, त्याबद्दल शिक्षा नाही. माझा अनुभव असा की तो मुलगा एकटा नसतो.

त्यानंतर प्रत्येकाला, त्या नवख्यालाही, थांबवण्याचा हक्क द्या. टोयोटाच्या कारखान्यांत कोणताही कामगार दोरी ओढून आधी मदत मागू शकतो आणि गरज पडली तर संपूर्ण लाइन थांबवू शकतो. त्या कंपनीची मुळं कापडाच्या मागात आहेत, आणि तिथेही धागा तुटला की माग आपोआप थांबावा, ही कल्पना होती. तुमच्या विभागात दोरी म्हणजे एक साधं वाक्य: ‘हा मसुदा मला पटत नाही, मी पाठवत नाही.’ हे वाक्य म्हणणाऱ्याला त्या दिवशीचं टार्गेट माफ. टार्गेट माफ नसेल, तर तो हक्क कुणी वापरणार नाही.

टूल विकणारे सोबत एक डॅशबोर्डही देतील, कोण किती वेगाने काम करतं, कुणाच्या लिहिण्यात चिडचिड दिसते वगैरे दाखवणारा. तो बंद ठेवायला सांगा. युरोपीय संघाने कामाच्या जागी एआयने चेहरा, आवाज अशा शारीरिक खुणांवरून माणसांच्या भावना ओळखण्यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. तुम्ही त्या कायद्याच्या कक्षेत असा वा नसा, वर बोलताना हा दाखला कामाला येईल.

आणि शेवटी तुमची झोप. तुम्ही ते कंसात टाकावं तसं शेवटी लिहिलं आहे, पण मला वाटतं पत्र तिथूनच सुरू झालं. टीमसमोर एकदा सांगा, ‘मलाही माझ्या जागेची खात्री नाही.’ एकदाच, आणि तिथेच थांबा. त्यांच्या ओझ्यावर तुमचं ओझं ठेवू नका. त्यांना एवढंच कळू दे की तुम्ही सुरक्षित जागेवर उभ्या राहून त्यांना धीर देत नाही आहात.

बाकीचं बोलायला तुमच्याच कंपनीतले दुसरे टीम लीडर आहेत. जो आकडा तुमच्याकडे मागितला, तो त्यांच्याकडेही मागितला गेला असणार, आणि तेही तुमच्यासारखेच जागे असतील. त्यातल्या एकाला आज संध्याकाळी फोन करा. वर जाणाऱ्या त्या एका पानावर एकट्या तुमची सही असण्यापेक्षा तिघांच्या असलेल्या बऱ्या.